रविवारचं पाणी

दादा, तुझी तेरवी आटोपून मी अमरावतीला परतले त्याला चार दिवस झाले, आणि मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी निवडून उठते. चहाचं आधण ठेवते आणि गॅस बंद करून अंगणात जाते. काल तर चपला घालून, दाराला कुलूप लावून फाटकापर्यंत गेले. कुठे जायचं तेच सुचेना, म्हणून परत आले. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काऊन अशी फिरून राहिली वं? बस थोडी. चक्कर येईन." यांना काय सांगू? बसलं की समोर टेबलावर तुझा रेडिओ दिसतो.

अकोल्याहून निघताना वहिनीने तो माझ्या हातात दिला. "हा तुमच्याच घरचा. तिकडंच राहू द्या," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटीतून मी तो मांडीवर घेऊन आले. केवढं धूड आहे ते तुला माहीतच आहे. कंडक्टरने विचारलं, "मावशी, काय हाय हे? टीव्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बापा, भाऊ आहे माझा." तो बिचारा तिकीट न देताच पुढे गेला. मग मीच त्याला हाक मारून तिकीट घेतलं.

मी तुझ्यावर रागावले होते, दादा. हे तुला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. तुला न कळण्याचीच शक्यता जास्त, कारण फोन मी करायचा आणि तू उचलायचा अशी आपली वहिवाट होती. मी केला नाही तर तू, "कुमी कामात असन," म्हणून मोकळा. पण मी कामात नव्हते. मी फुगून बसले होते. चांगले तीन आठवडे, एवढ्या वयाची बाई, नातवंडांची आजी.

शेवटच्या फोनवर मी पुन्हा तो विषय काढला. दर दोन-चार वर्षांनी काढायची तसा. म्हटलं, दादा, त्या रविवारी तू माझ्यासाठी जे केलंस त्याबद्दल मी तुला कधी नीट काही बोललेच नाही. एरवी तू, "सोड ना, जुनं झालं," म्हणून उडवून लावायचास. या वेळी मात्र म्हणालास, "तुयासाठी नव्हतं वं ते, कुमे."

मी म्हटलं, "मग कोणासाठी?"

तू हसलास. "चहा आला. ठेवतो."

मला फार लागलं ते. पन्नासहून जास्त वर्षं मी ज्या गोष्टीचं ओझं वाहिलं, ती माझी नव्हतीच म्हणे. म्हटलं, असू दे, तुला उपकारसुद्धा मानू द्यायचे नाहीत ना, मग मीही फोन करत नाही. तू आधी कर. आणि मग तुझ्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी मनात "आला का शेवटी" म्हणतच उचलला. पलीकडे तुझी मीनू होती, रडत.

तो रविवार तुला मी सांगायचा म्हणजे गंमतच. पण सांगते. कारण मला तो आता वेगळा दिसतो आहे, आणि मधे बोलून मला चुकवायला तू नाहीस.

बाबांनी एका वकिलांकडून तो जुना रेडिओ आणला तेव्हा तू चौदाचा असशील, मी नऊची. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे त्यांनी आधी त्याचं चित्र काढलं आणि मग तो लावला. बटण दाबल्यावर आवाज यायला वेळ लागायचा. तोवर आपण सगळे त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायचो. रेडिओवाल्या मेकॅनिकने सांगितलं होतं, एरियल उंच पाहिजे आणि अर्थिंगची तार ओल्या मातीत पाहिजे. "रोज पानी पडते अशी जागा पाहा, मास्तर. माती वाळली की आवाज गेला समजा." न्हाणीवर नवा स्लॅब पडला होता, तिथे बांबूवर एरियल चढलं. आणि रोज न चुकता पाणी पडणारी जागा आपल्या घरात एकच होती, मागच्या अंगणात न्हाणीला लागून. तुळस.

जिजी केवढी भडकली होती. बाबांची ही थोरली बहीण तरुणपणीच विधवा होऊन आपल्याकडे आली होती आणि सोवळंओवळं, सणवार, तुळस, देव सगळं तिच्या ताब्यात होतं. "विजेची तार तुयशीत घालून राहिला तू? वेड लागलं काय तुले?" बाबा शांतपणे म्हणाले, "जिजी, तुयशीतून भजनंच येतीन ना घरात. वाईट काय आहे?" जिजीने यावर एक दिवस विचार केला आणि परवानगी दिली. नंतर तर ती सकाळच्या भजनांआधी आंघोळ करून रेडिओसमोर पाट मांडून बसायची, आणि आपल्यापैकी कोणी रेडिओकडे पाय करून लोळलं तर पायावर चापट.

रविवार हा रेडिओचा दिवस. बाबा सकाळी पाटीवर खडूने वेळा लिहायचे. भजनं जिजीची. बातम्या बाबांच्या. बालगोपाळांचा कार्यक्रम माझा. दुपारची सिनेमातली गाणी तुझी, तीही अर्धाच तास, कारण जिजीला ती चालायची नाहीत आणि ती लागली की जिजी जपमाळ घेऊन अगदी रेडिओजवळ बसायची. संध्याकाळी नाटक, ते सगळ्यांचं. शेजारच्या काकू त्यांची तीन मुलं घेऊन यायच्या, सतरंजी पडायची, आईने केलेला गोळाभात नाहीतर कोथिंबिरीच्या सांबारवड्या सगळ्यांच्या हातात असायच्या. त्या पाटीवर आईच्या नावापुढे काही नसायचं. तिला काय ऐकायला आवडतं, हे आपण कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. ती स्वयंपाकघरातून जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकायची.

आणि नेमका रविवारीच आवाज फाटायचा. आठवडाभर ठणठणीत असलेला रेडिओ रविवारी दहा वाजले की खरखरायला लागायचा. नाटकातला नायक काहीतरी महत्त्वाचं सांगतोय आणि वर कोणीतरी फुटाणे भाजतंय. बाबांनी यावर एक सिद्धांत काढला होता. तो आठवला की मला अजून हसू येतं. "रविवारी सगळेच ऐकून राहिले ना घरोघरी. मंग आवाज वाटल्या जाते. नळाचं नाही काय, सगळ्याइनं तोट्या सोडल्या की धार बारीक होते? तसं." शाळेतले बाकीचे मास्तरसुद्धा हे मानायचे. आम्ही तर शेजारच्या काकूंना, "तुम्ही इकडेच या, तुमचा लावू नका," म्हणायचो. त्यांच्याकडे रेडिओ नव्हताच.

खरं कारण तू शोधलंस. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करत होतास दोन महिने. एक दिवस जेवताना म्हणालास, "बाबा, रविवारीच नाही, एकादशीलेही खरखर होते."

जिजीचा हात थांबला. रविवारी आणि एकादशीला तुळशीचा उपास असतो, म्हणून त्या दिवशी तिला पाणी घालायचं नाही, हा आपल्या घरचा नियम. शनिवारी सकाळी पडलेलं पाणी, त्यात अमरावतीचा उन्हाळा. रविवारी दहापर्यंत माती कोरडी ठक्क. बाबांना कळलं असणार, पण जिजीच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "जेव मुकाट्यानं. शास्त्रज्ञ आला मोठा." आई वाढत होती. तिने सगळं ऐकलं, पदराला हात पुसला आणि वाटी आणायला आत गेली. वाटी आणायला गेली हे मला इतकं स्वच्छ आठवतं, दादा, आणि तरी मी कधी विचार केला नाही.

मग आला तो वैशाखातला रविवार. त्याच्या एक महिना आधी आमच्या शाळेच्या सहा मुलींना बाईंनी नागपूरला रेडिओ स्टेशनात नेलं होतं. तिथे माझं एकटीचं गाणं रेकॉर्ड झालं होतं, बाईंनीच रचलेलं, खारीचं, आणि ते या रविवारी लागणार होतं. "खार चढली बाभळीवर, शेपूट तिची आभाळभर." आता हसू येतं, पण तेव्हा मी महिनाभर जमिनीवर चालत नव्हते. सगळ्या आळीला सांगून झालं होतं. सकाळी नऊपासून आपल्या घरात माणसं. आणि बाबांनी रेडिओ लावला तर फुटाणे भाजणं सुरू.

मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, "वसंता, वर जाय, एरियल फिरवून पाह्य." तू अनवाणीच शिडीने न्हाणीवर चढलास. स्लॅब तापलेला. बांबू धरून इकडे वळव, तिकडे वळव. बाबा बटणाशी, जिजी पाटावर, काकू आणि त्यांची मुलं सतरंजीवर, मी दोन्ही हातांनी फ्रॉक मुरगळत उभी. निवेदकबाईंनी माझं नाव घेतलं असावं, "कु" एवढं ऐकू आलं. मग नुसती खरखर. खरखरीच्या मागे कुठेतरी पेटी. बाबा घामाघूम. आणि मग, दुसऱ्या कडव्यापाशी, खरखर हळूहळू खाली बसत गेली आणि माझा आवाज आला. स्पष्ट. मला तो माझा वाटलाच नाही. त्याच वेळी वरून तुझी हाक आली, "आलं काय?"

कोणी उत्तर दिलं नाही. काकू म्हणाल्या, "श्शऽ." तू पुन्हा ओरडलास, "आलं काय?" मग तिसऱ्यांदा. मला तर तुझा रागच आला, माझ्या गाण्यात ओरडतोस म्हणून.

गाणं संपल्यावर मी धावत आत गेले. आई चुलीपुढे होती. मी म्हटलं, आई, ऐकलं का? ती म्हणाली, "ऐकलं ना. काम करता करता ऐकलं." आणि पुन्हा चुलीत फुंकर घालायला वाकली. सगळी आळी आली आणि माझी आई समोर येऊन बसली नाही, हे मी तिला कधी माफ केलं नाही, दादा. ती गेली तेव्हाही ते माझ्या मनात होतं. तुला हे आजच सांगते आहे.

संध्याकाळी जिजी तुळशीपाशी दिवा लावायला गेली. रविवारी कोरडी असायला हवी ती माती ओली होती. उन्हाने वरची माती सुकली होती, पण तारेपाशी हात घातला तर चिखल. "कोणं वतलं?" तिने एवढंच विचारलं, मोठ्यानेही नाही. आणि तू ओसरीवरून लगेच म्हणालास, "म्या."

बाबांनी तुला मारलं. त्यांनी आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. जिजी दोन दिवस जेवली नाही. आणि खरं सांगायचं तर एवढ्यावर भागलं असतं. जिजी वाईट नव्हती. पण त्याच आठवड्यात बाबांना विषमज्वर झाला आणि ते महिनाभर अंथरुणाला खिळले. त्याच उन्हाळ्यात तुळसही वाळली. घाबरलेल्या माणसाला एवढं पुरतं. बाबा उठून बसायला लागल्यावर जिजी म्हणाली, "हे पोरगं काही दिवस दुसरीकडं राहू दे." जूनमध्ये तुझी पत्र्याची पेटी भरली गेली आणि तू अकोल्याला मामांकडे शिकायला गेलास. काही दिवस म्हणून गेलेला माणूस तिथेच शिकला, तिथेच नोकरीला लागला, तिथेच लग्न केलं, आणि परवा तिथूनच गेला.

मी काय समजले सांगू? मी समजले, माझ्या खारीच्या गाण्यापायी तुझं घर सुटलं. हे मी नऊ वर्षांच्या डोक्याने समजले आणि पुढे बदललंच नाही. तू सुटीत यायचास तेव्हा मी माझ्या वाटचे पेढे तुला द्यायची. आई दर महिन्याला एसटीने अकोल्याला तुझ्याकडे जायची, जिजी कितीही बोलली तरी जायची. मला नेत नाही म्हणून मी रडायची, आणि मग स्वतःलाच सांगायची, गप्प बस, तुझ्यामुळेच तो तिकडे आहे. आणि रविवारी तुळशीला पाणी घालायचं नाही, हा नियम मी जिजीपेक्षाही कडक पाळला. माझ्या सुनेला सांगितला, लेकीला सांगितला. देवाधर्माचं मला फारसं नाही, तुला माहीत आहे. ती माझी शिक्षा होती.

आई-बाबा गेल्यावर वाटणीची गोष्ट निघाली तेव्हा तू वकिलासमोर म्हणालास, "घर कुमीचं. मले रेडिओ द्या." वकील हसला. हे तर घरी येऊन म्हणाले, "तुया भावाच्या डोक्यावर परिणाम झाला काय?" मी त्या दिवशी रडले, आणि पुन्हा त्याचा अर्थ माझाच लावला. मला वाटलं, तू मला सांगतो आहेस की तुला त्या गाण्याचा पस्तावा नाही.

तेरवीच्या दिवशी अकोल्यात जेवणं झाली, बाहेरचे लोक गेले, आणि आपलेच पाच-सहा जण तुझ्या त्या समोरच्या खोलीत बसलो होतो. रेडिओ कपाटावर. कोणीतरी म्हणालं, कुमुदताई, ती गोष्ट सांगा ना. मी सांगितली. तू असताना सांगायची तशीच, बाबांच्या नळाच्या सिद्धांतासकट, आणि तुझी नक्कल करून वर तोंड करून ओरडलेसुद्धा, "आलं काय? आलं काय?" सगळे हसले. मीनू हसली नाही. ती डोळे पुसत होती. तशीच म्हणाली, "आत्या, पण बाबा वर होते ना?"

"हो. एरियल धरून."

"मग पाणी त्यांनी कसं घातलं?"

मी म्हटलं, आधी घातलं असेल. माझं मलाच ते पटलं नाही. आधी घातलं असतं तर आधीच खरखर गेली असती. मग म्हटलं, उतरला असेल मधेच. पण तू उतरला नव्हतास. संध्याकाळी तुझ्या तळव्यांना फोड आलेले मी पाहिले होते, आई त्यांना तूप लावत होती. तू पूर्ण वेळ वर होतास आणि ओरडत होतास. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल, लग्नांत, बारशांत, मुलांना झोपवताना. दर वेळी तुला त्या स्लॅबवर चढवलं आणि दर वेळी पाणीही तुझ्याच हातून घातलं. ऐकणाऱ्या एकालाही शंका आली नाही, मला तर नाहीच.

मी त्या खोलीत बसून माणसं मोजली. बाबा बटणाशी. जिजी पाटावर. काकू, तीन मुलं. मी. तू वर.

वहिनी दाराशी उभी होती. ती एरवी आपल्या बहीणभावांच्या गोष्टीत बोलत नाही. ती म्हणाली, "मले त्याइनं एकदा सांगतलं होतं. 'मायचं एक काम आहे मायाकडं, ते कोणाले सांगाचं नाही.' मले वाटलं, बाळापूरकडच्या वावराचं काही असन. म्या पुन्हा इचारलं नाही."

दादा, तेव्हापासून मला बसवत नाही.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. सांगितलं का नाहीस? आई असेपर्यंत ठीक. जिजी असेपर्यंत ठीक. आई गेली त्यालाही आता वीस वर्षं झाली. मी दर वेळी समोर बसून "माझ्यासाठी, माझ्यासाठी" म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतास. एकदा तरी म्हणायचंस, कुमे, ती आली नाही असं तुला वाटतं ना, तर ऐक ती कुठे होती. मी तिच्या शेवटच्या दुखण्यात सगळं केलं, औषध, अंघोळ, सगळं. पण त्यात एक गाठ होती, ती तिलाही जाणवली असेल. तुझ्या एका वाक्याने ती सुटली असती. तू शब्द दिला होतास म्हणे. आणि आईनेही तुला जाऊ दिलं, पेटी स्वतः भरून दिली. तिच्यावरही रागवावं असं वाटतं, आणि मग तिचं ते दर महिन्याचं अकोला आठवतं. फुंकर घालायला वाकलेली तिची पाठ आठवते. तिने मला तोंड दाखवलं नव्हतं त्या दिवशी. डोळे धुराने लाल झाले असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिने दाखवलं नाही.

आणि शेवटी तू सांगितलंसच की. "तुयासाठी नव्हतं वं ते." मी फुगून बसले. विचारायला तीन आठवडे होते माझ्याकडे.

आज रविवार. सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. आई तुळशीपाशी उभी राहून माझं गाणं ऐकत होती, त्या वेळचा तिचा चेहरा जगात एकाच माणसाने पाहिला, आणि तो माणूस ते घेऊन गेला. मी दहा वाजता उठले आणि मागे गेले. आपलं जुनं घर बरंच बदललं, पण न्हाणीचा तो स्लॅब तसाच आहे, खाली आता आम्ही कूलर आणि पाट ठेवतो. तुळस त्याच जागी, चौथी की पाचवी असेल. बांबूच्या शिडीऐवजी लोखंडी आहे. मी चपला काढल्या आणि चढायला लागले.

हे धावत आले. "अवं, काय करून राहिली? गुडघे पाह्य आपले."

मी म्हटलं, "तुम्ही लोट्यात पाणी आणा. तुळशीला घाला."

"आज? रविवार आहे ना आज?"

"हाव. वता."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता डॉक्टरला बोलवावं की काय. पण चाळीस वर्षांत माणूस शिकतो. लोटा आणला. मी स्लॅबच्या कडेला जाऊन उभी राहिले, जिथे बांबू होता तिथे. पाय भाजत होते. खाली हे पाणी घालत होते आणि मला काय दिसलं सांगू? यांचं टक्कल. टक्कल आणि लोटा धरलेला हात.

वरून चेहरा दिसतच नाही, दादा. मी एवढी चढून गेले ती त्यासाठी, आणि तुलाही तो दिसला नव्हता. तुला दिसला असेल तिचा भांग, डोक्यावरचा पदर, बांगड्या, आणि मातीत जिरणारं पाणी. मला तिथे उभ्या उभ्या रडायला आलं. म्हटलं, उतरावं आता. तेवढ्यात यांचं पाणी संपलं आणि यांनी मान वर करून मला विचारलं, "झालं काय तुयं?"

पूर्ण चेहरा दिसला, सुरकुत्यांसकट.

म्हणजे तिनेही वर पाहिलं. पाहिलंच असणार. रिकामा लोटा हातात, कान घराकडे, आत सगळी आळी आणि जिजी. तिथून आतलं नीट ऐकू येत नाही, मी आज उतरल्यावर उभी राहून पाहिलं, मधे स्वयंपाकघर आहे. तिला कळत नव्हतं, पाणी पोचलं की नाही, तिच्या पोरीचा आवाज आला की नाही. आत जाऊन विचारायची सोय नव्हती. तिने वर तुझ्याकडे पाहिलं, आणि तिला विचारता येत नव्हतं म्हणून तू विचारलंस. तीनदा. पाय भाजत असताना. आणि आम्ही एकानेही उत्तर दिलं नाही.

आलं होतं, दादा. दुसऱ्या कडव्यापासून स्पष्ट आलं होतं. तिला सांग.